आधी कागद, मग बायोडाटा: नोकरीच्या अर्जात खरी पात्रता मांडण्याची पद्धत

नोकरीच्या अर्जात ठरवून खोटं लिहिणारे थोडेच असतात. जास्त घोळ होतो तो चांगल्या, सरळ मुलामुलींच्या हातून. एका विषयाची एटीकेटी बाकी असताना ‘बी.कॉम.’ लिहिलेलं असतं, ५९.६ टक्क्यांचे ६० झालेले असतात, कंत्राटदाराच्या पगारावर केलेलं काम थेट मोठ्या कंपनीच्या नावावर गेलेलं असतं आणि मधली दीड-दोन वर्षं तारखा सरकवून बुजवलेली असतात. लिहिताना यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नेमणूकपत्र हातात आल्यावर कागद तपासले जातात आणि तिथे गाडी अडते.

बहुतेक वेळा मूळ चूक क्रमाची असते. बायोडाटा मित्राच्या नमुन्यावरून आधी लिहिला जातो आणि पुरावे मागितल्यावर शोधाशोध सुरू होते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. खासगी कंपनी असो, बँक असो की सरकारी भरती, पहिले चार टप्पे सगळ्यांना सारखेच लागू आहेत.

## टप्पा १: फाईल लावा, अजून काही लिहू नका

एक संध्याकाळ फक्त कागदांसाठी ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी किंवा डिप्लोमाच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका (नापास झालेल्या सत्राचीसुद्धा), तात्पुरतं किंवा कायमचं पदवी प्रमाणपत्र. नोकरी केली असेल तर प्रत्येक ठिकाणचं नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचा दाखला आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या आयकराचा कंपनीने दिलेला दाखला). दहावी-बारावीची कागदपत्रं डिजिलॉकरवर मिळतात, बऱ्याच विद्यापीठांचीही मिळू लागली आहेत.

पीएफ कापला जात असेल तर यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) टाकून ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, पोर्टलवर जा आणि सेवेचा इतिहास उघडा. तिथे प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. पडताळणी करणारे पहिल्यांदा तीच पाहतात, तेव्हा ती तुम्ही त्यांच्याआधी पाहिलेली बरी. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन नोकऱ्या करताना दिसता. शेवटची रक्कम जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती तारीख तुम्हाला स्वतः पोर्टलवर नोंदवता येते. कार्यमुक्तीच्या पत्रावरचीच तारीख टाका. एकदा भरलेली तारीख बदलणं किचकट असतं.

आता वहीच्या पानावर पाच रकाने आखा: काय केलं, कुठे, कधीपासून, कधीपर्यंत, पुरावा. सगळं त्यात उतरवा. शेवटचा रकाना जिथे रिकामा राहील तिथे खूण करा. ते काम अर्जातून वगळायलाच हवं असं नाही, पण तिथे पुरावा मिळवायचा आहे किंवा जपून लिहायचं आहे हे आताच कळतं. कंपनी बंद पडली असेल आणि दाखला मिळणं शक्य नसेल तर नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेलं बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म १६ एकत्र ठेवा.

तपासा: नाव. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. एवढ्याने अडत नाही. अडतं ते स्पेलिंग बदललं, वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, किंवा लग्नानंतर नाव बदललं पण पदवी जुन्या नावावर आहे तेव्हा. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरणं सगळ्यात सुरक्षित. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा शासन राजपत्राची प्रत फाईलमध्ये ठेवा आणि फॉर्ममध्ये ‘पूर्वीचं नाव’ हा रकाना असेल तर तो भरा. तो रकाना सोडून देणाऱ्या मुली फार आहेत, आणि पुढे त्यांनाच हेलपाटे पडतात.

## टप्पा २: शिक्षण जसं आहे तसं लिहा

पहिला प्रश्न: पदवी पूर्ण झाली आहे का? तीन अवस्था आहेत आणि तिन्ही वेगळ्या लिहायच्या. परीक्षा दिली, निकाल यायचा आहे. निकाल आला, काही विषय बाकी आहेत. सगळे विषय सुटले. पहिल्या दोन्हींत नुसतं ‘बी.एस्सी.’ लिहू नका. असं लिहा:

*बी.एस्सी. (रसायनशास्त्र), तृतीय वर्ष. सहाव्या सत्रातील एक विषय बाकी. परीक्षा पुढील सत्रात.*

ही ओळ लिहिताना जीव कासावीस होतो हे खरं आहे. पण बारावी किंवा डिप्लोमावर भरल्या जाणाऱ्या जागा भरपूर असतात, आणि तिथे ही ओळ वाचून कुणी अर्ज बाजूला ठेवत नाही. पदवीधरच हवा असेल तर त्या जागेला तुम्ही आज पात्र नाही. ते अर्ज करण्याआधी कळलेलं चांगलं, रुजू व्हायच्या दिवशी नको.

सरकारी आणि बँकेच्या भरतीत पात्रता ठराविक तारखेला मोजतात. बहुतेक वेळा ती अर्जाची शेवटची तारीख असते, कधी जाहिरातीत वेगळी दिलेली असते. उत्तीर्ण झाल्याची तारीख म्हणजे गुणपत्रिकेवर किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्रावर छापलेली तारीख. परीक्षा मे महिन्यात दिली आणि गुणपत्रिकेवर १८ जुलै असेल, तर ३० जूनच्या मुदतीला तुम्ही पदवीधर नव्हता.

टक्केवारी. वर चढवू नका, दशांशसुद्धा नाही. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातींत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमी. कागदावर टक्क्यांऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर दुसरा खड्डा समोर येतो. अनेक जण ९.५ ने गुणून मोकळे होतात. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीसाठी वापरात होतं, तुमच्या विद्यापीठाचं नव्हे. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं. ते बऱ्याचदा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र मागा. तोवर बायोडाट्यात सीजीपीएच लिहा, ‘१० पैकी ७.४२’ असं. फॉर्म टक्केच मागत असेल तर अधिकृत सूत्राने काढा आणि ती आकडेमोड फाईलमध्ये जपून ठेवा.

टक्के फक्त शेवटच्या वर्षाचे द्यायचे की सगळ्या वर्षांचे, हेही जाहिरातीत पाहा. जाहिरात काही बोलत नसेल तर पदवी प्रमाणपत्र किंवा अंतिम गुणपत्रिका जो एकूण आकडा दाखवते तोच द्या. चांगलं सत्र निवडून त्याचे टक्के ‘पदवीचे’ म्हणून लिहिणं सहज पकडलं जातं.

संस्था. शिकवणी एका ठिकाणी आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर पदवी देणाऱ्याचं नाव लिहा. दूरशिक्षणाने शिकला असाल, उदाहरणार्थ नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून, तर तसंच लिहा. ते लपवण्यासारखं काहीही नाही. ती मान्यताप्राप्त पदवी आहे, आणि नोकरी सांभाळत ती मिळवणं सोपं नसतं. मात्र कुठल्याही विद्यापीठाचं नाव टाकण्याआधी ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) बनावट विद्यापीठांच्या यादीत नाही ना, हे यूजीसीच्याच संकेतस्थळावर पाहून घ्या. आपण फसलो हे कळायला उशीर झाला की तपासणाऱ्याला तुम्हीच फसवणारे वाटता.

आयटीआयवाल्यांनी प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय परिषदेचं) आहे की एससीव्हीटीचं (राज्य परिषदेचं) ते नेमकं लिहावं. काही जाहिराती एकच मागतात. चार दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचं हजेरीचं प्रमाणपत्र आणि परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र एकाच यादीत टाकू नका.

## टप्पा ३: अनुभव

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पगार कोण देत होतं? चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हजारो मुलं मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर काम करतात. गणवेश मोठ्या कंपनीचा, गेटपास कंपनीचा, पण नेमणूकपत्र आणि पीएफ एजन्सीचा. मग बायोडाट्यात नुसतं कंपनीचं नाव येतं आणि पडताळणीत ती कंपनी ‘हा आमचा कर्मचारी नव्हता’ असं कळवते. ती खोटं बोलत नसते. अशी ओळ लिहा:

*लाइन ऑपरेटर, (एजन्सीचं नाव) यांच्यामार्फत (कंपनीचं नाव) यांच्या चाकण येथील कारखान्यात. जून २०२२ ते ऑगस्ट २०२४.*

यात तुमचं काहीच कमी झालं नाही. मशीन तेच, शिफ्ट तीच.

शिकाऊ उमेदवारी वेगळी दाखवा. अप्रेंटिस कायदा १९६१ खालच्या शिकाऊ उमेदवाराचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे ईपीएफओच्या नोंदीत ते वर्ष दिसणारच नाही. ते ‘नोकरी’ म्हणून दाखवलं की नोंदीशी मेळ बसत नाही. ‘शिकाऊ उमेदवार’ असं लिहून त्याचं प्रमाणपत्र जोडा.

पदनाम नेमणूकपत्रावरचंच. कामं मोठी केली असतील तर ती पदाखालच्या ओळींत सांगा. ‘अकाउंट्स असिस्टंट’चं ‘अकाउंट्स मॅनेजर’ करू नका, पण खालच्या ओळी नीट भरा. बहुतेक जण नेमके तिथेच कंजूषपणा करतात. एक उदाहरण पाहा. मूळ ओळ:

*टॅली आणि जीएसटीचं संपूर्ण काम पाहिलं.*

मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘३बी (जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न) कोण भरत होतं?’ आणि उत्तर येतं, ‘सीए साहेब.’ संपलं, आता बाकीच्या खऱ्या ओळींवरही विश्वास राहत नाही. तीच ओळ अशी लिहिली असती तर:

*टॅली प्राइममध्ये रोजच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी, महिनाअखेरीस बँक रिकन्सिलिएशन. जीएसटीआर-१ साठी विक्रीचा तपशील तयार करून सीएंना देणं. रिटर्न सीएंकडून भरलं जाई.*

दुसरी ओळ लांब आहे, नम्र आहे, आणि नोकरी तीच मिळवून देते. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशेबाच्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, करता येणारा माणूस कुणालाही हवा असतो. ‘संपूर्ण काम’ या दोन शब्दांत तो दिसतच नव्हता.

प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. यातलं माझ्या हातचं किती? माझ्यावर कोण होतं? यातला आकडा मी कुठून आणला? ‘विक्री ३० टक्क्यांनी वाढवली’ असं लिहायचं तर ती वाढ सहा जणांच्या टीमची होती की तुमच्या एकट्याच्या भागाची, हे त्याच ओळीत यायला हवं.

घरचं काम सोडू नका. वडिलांच्या किराणा दुकानात तीन वर्षं उधारीची वही सांभाळणं, बचत गटाचे हिशेब लिहिणं, दूध संकलन केंद्रावर फॅटची मापं घेणं, गावच्या सेतू केंद्रात अर्ज भरणं हा अनुभव आहे. फक्त ‘कौटुंबिक व्यवसाय, बिनपगारी’ असं सरळ लिहा. दुकानाला ‘एंटरप्रायझेस’ आणि स्वतःला ‘ऑपरेशन्स हेड’ करायला गेलात की खऱ्या कामावरही संशय येतो. खरं काम कमी करून दाखवणं हीसुद्धा चुकीची माहितीच आहे. मराठी घरांतून येणाऱ्या उमेदवारांत, विशेषतः मुलींत, हा दोष मला फुगवण्याइतकाच दिसतो.

इशारा: पैसे घेऊन अनुभवाचा दाखला, पगारपावत्या आणि नावापुरता पीएफसुद्धा काढून देणाऱ्या कन्सल्टन्सी आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि अशी एखादी कन्सल्टन्सी उघडी पडली की तिच्या नावाचे सगळेच दाखले एकदम संशयाखाली येतात.

## टप्पा ४: कौशल्यं आणि भाषा

‘एक्सेल: उत्तम’ यातून काहीच कळत नाही. कुणाला न विचारता काय करता येतं ते लिहा: व्हीलुकअप, पिव्होट टेबल, की फक्त तक्ते भरणं आणि बेरजा. टायपिंगचा वेग शासकीय परीक्षेच्या प्रमाणपत्रावर असेल तोच, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. परीक्षा दिलेली नसेल तर ‘प्रमाणपत्र नाही, सराव आहे’ असं म्हणा. एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक जवळ ठेवा.

इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलताना अडखळायला होतं, अशी अवस्था अनेकांची आहे. ती तशीच तीन भागांत लिहा. ‘फ्लुएंट’ लिहून फोनवरच्या पहिल्या दोन मिनिटांत पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तपासा: बायोडाट्यातलं प्रत्येक कौशल्य उद्या सकाळी समोर बसवून करायला सांगितलं तर जमेल का? जे जमणार नाही ते काढा, किंवा ‘शिकत आहे’ खाली हलवा.

## टप्पा ५: मधला खंड

स्पर्धा परीक्षेची तयारी, आजारपण, घरच्यांचं आजारपण, बाळंतपण, शेती. कारण काहीही असो, तारखा ओढून-ताणून खंड झाकू नका. महिना आणि वर्ष दोन्ही लिहा. नुसती वर्षं लिहून ‘२०२१–२०२२’ असं दाखवणं ही जुनी पळवाट आहे, वाचणाऱ्याला ती ओळखता येते. खंडाला एकच ओळ पुरते:

*जुलै २०२१ ते मे २०२४: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, एकदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण होऊन मुख्य परीक्षा दिली.*

पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाला असाल तरच तसं लिहा. आसनक्रमांक मागितला जाऊ शकतो. आजारपणाचा तपशील देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘वैयक्तिक कारणामुळे विश्रांती, आता पूर्णवेळ उपलब्ध’ एवढं पुरेसं आणि खरं आहे.

## टप्पा ६: बायोडाटा वेगळा, फॉर्म वेगळा

हा फरक न कळल्यामुळे लोक दोन्हीकडे चुकतात. बायोडाटा निवडक असू शकतो. जागेशी संबंध नसलेली दोन महिन्यांची नोकरी, जात, धर्म, वैवाहिक स्थिती त्यात नसली तरी चालते. फॉर्म मात्र संपूर्ण असतो. ‘आतापर्यंतच्या सर्व नोकऱ्या’ असं विचारलं असेल तर ती दोन महिन्यांची नोकरीही आलीच पाहिजे. तिथे पीएफ कापला गेला असेल तर पीएफच्या नोंदीत ती दिसते.

पगार विचारला तर वार्षिक सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम वेगवेगळी लिहा. फॉर्म १६ आणि पगारपावती मागवली जाणार आहे हे धरून चाला.

एमपीएससी आणि इतर सरकारी भरतीत अर्जातले दावे हेच सगळं. आरक्षण, नॉन-क्रीमीलेअर, खेळाडू, माजी सैनिक, दिव्यांग, अनुभव यांतला दावा करताना तो कागद जाहिरातीत दिलेल्या मुदतीत वैध आहे का हे तारीख वाचून पाहा. ‘नंतर काढू’ म्हणून ‘होय’वर टिक करणं ही या भरत्यांमधली सगळ्यात महाग चूक आहे. सायबर कॅफेवाल्याला अर्ज भरायला दिला असेल तर सबमिट करण्याआधी प्रत्येक रकाना स्वतः वाचा. प्रतिज्ञापनाखाली सही तुमची असते.

## टप्पा ७: पडताळणीचा नमुना

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) किंवा पार्श्वभूमी पडताळणीचा फॉर्म येतो. तो घाईत भरू नका. पोलीस प्रकरणांविषयीचे प्रश्न एकेक वाचा: अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, खटला प्रलंबित आहे का, शिक्षा झाली का. हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि निर्दोष सुटलेल्यालाही पहिल्या दोनांचं उत्तर ‘होय’ द्यावं लागू शकतं.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अटक, खटला, शिक्षा किंवा निर्दोष मुक्तता यांविषयी दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि काही दडवलेलं नसावं. किरकोळ प्रकरण उघड सांगितलं असेल तर त्याचा विचार करण्याची मुभा मालकाला राहते, आणि जे विचारलंच नव्हतं ते दडवलं असा ठपका उमेदवारावर ठेवता येत नाही. म्हणून जेवढं विचारलं तेवढ्याचं पूर्ण उत्तर द्या, आणि निकालाची किंवा दोषारोपपत्राची प्रत जोडा. कॉलेजच्या आंदोलनातला किंवा गावच्या भांडणातला जुना गुन्हा ‘मिटला’ असं तुम्हाला वाटत असेल, तर तो कागदोपत्री मिटला आहे का हे आधी पोलीस ठाण्यातून किंवा वकिलाकडून जाणून घ्या.

संदर्भासाठी ज्यांची नावं देणार त्यांना आधी फोन करा. ‘सर, मी अमुक ठिकाणी अर्ज केला आहे, तुमचं नाव देऊ का?’ एवढं विचारायचं. बायोडाट्याची प्रत त्यांना पाठवा, म्हणजे तुम्ही लिहिलेलं आणि ते सांगतील ते जुळेल.

## टप्पा ८: चूक पाठवल्यावर लक्षात आली तर

सरकारी ऑनलाइन अर्जात दुरुस्तीची मुदत असेल तर ती वापरा. मुदत गेली असेल तर जाहिरातीत दिलेल्या मार्गानेच लेखी कळवा. खासगी ठिकाणी मुलाखतीच्या आधीच ईमेल करा. पडताळणी सुरू होण्याची वाट पाहू नका, नंतर तीच दुरुस्ती सबब वाटते. ईमेल एवढाच असावा:

*नमस्कार. मी अमुक पदासाठी ४ तारखेला पाठवलेल्या बायोडाट्यात शेवटच्या नोकरीचा कालावधी मार्च २०२४ पर्यंत लिहिला आहे. कार्यमुक्तीच्या पत्रानुसार तो १२ जानेवारी २०२४ पर्यंत आहे. दुरुस्त बायोडाटा आणि पत्राची प्रत सोबत जोडली आहे.*

लांबलचक माफी नको, कारणांची यादीही नको. काय चुकलं, खरं काय, पुरावा कुठे, एवढंच. पाठवलेल्या प्रत्येक बायोडाट्याची प्रत कंपनीचं नाव आणि तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि मुलाखतीला जाताना त्याच प्रतीची छापील प्रत बरोबर न्या.